मदिनेच्या अलीकडचा फाटा

यान्बूला मी हौसेनं गेलो नाही. एका रंगामुळे गेलो.

निताकत म्हणून सरकारचा नियम आला आणि इथल्या सगळ्या कंपन्यांना रंग वाटले गेले. ज्यांच्याकडे सौदी माणसं पुरेशी कामाला त्या हिरव्या, थोडी कमी असतील त्या पिवळ्या, आणि ज्यांच्याकडे नावालाच, त्या लाल. आमचं रियाधच्या अल सुलै भागातलं गोदाम लालमध्ये निघालं. लाल कंपनीच्या माणसाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवा होत नाही. माझा संपत आलेला. मग दोनच वाटा उरतात. सरकारनं दिलेली मोहलत आहे तोवर दुसरा कफील, म्हणजे दुसरा मालक शोधायचा. नाहीतर तरहील. तरहील म्हणजे पकडून विमानात बसवतात, आणि पुन्हा या देशाचं दार उघडत नाही.

घरी गेलो तर काय, असं तुम्ही म्हणाल. मी नववीत शाळा सोडली. पाय एका जागी ठरत नाही, असं आई लहानपणापासून म्हणते. चिपळूणकडच्या कारखान्यांत परांची बांधायचो, ते सुटलं, मग गावात नुसता फिरायचो. गावात माझ्यासाठी काय आहे ते मी चांगलं बघून घेतलंय. परत बघायची हिंमत नव्हती.

त्यात कळलं, यान्बूच्या एका ठेकेदाराला परांची बांधणारे हवेत. कंपनी हिरवी. शनिवारी सकाळी सातला परीक्षा. पाइप आणि क्लॅम्प देणार, बांधून दाखवायचं. जमलं तर इकाम्यावरचं मालकाचं नाव बदलून तेच मला घेणार. नापास झालो किंवा उशीर झाला, तर माझी मोहलत तिथंच संपली असं समजायचं.

यान्बू रियाधपासून हजार किलोमीटरच्या वर. देशाच्या त्या टोकाला, समुद्रावर. आता न्यायला कोण, तर हनीफचाचा.

हनीफचाचा आमच्याच गावचे. जयगडच्या खाडीकाठी खाली त्यांचा मोहल्ला, वर टेपावर आमची वाडी. मी शाळेत पण जात नव्हतो तेव्हापासून ते सौदीत डायना चालवतात. डायना म्हणजे टेम्पोची थोरली बहीण. अल सुलैत आमची एकच खोली. चौघे मोहल्ल्यातले आणि पाचवा मी. जेवण चाचांच्या हातचं, एका मोठ्या थाळ्यात, पाची हात त्यात. मी विचारायला गेलो तेव्हा ते मासे साफ करत होते.

"यान्बूचा माल हाय माझ्याकडं, एसीचे पत्र्याचे डक्ट," मान वर न करता म्हणाले. "बस पुढं. पण एक हाय. मी जातो तो मदिनेतून जातो. जुम्म्याची नमाज तिथंच पढतो. तुला तिथनं न्यायला यायचं नाय. भायरनं जावं लागल, बिगर-मुसलमानांच्या रस्त्यानं."

"मग तुमचा जुम्मा?"

"जुम्मा कुठं पळत नाय. तू पळशील, परत गावाला."

हे नीट लक्षात ठेवा. चाचांनी स्वतः, अंगाला माशाचं पाणी लागलेलं असताना, मला हा फाटा समजावून सांगितला होता.

गुरुवार

दुपारचं जेवून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो. बसही मिळते, पण तिकीट काढताना बस मदिनेत शिरते का ते आधी विचारून घ्या. मुसलमान असाल तर शिरावीच, नसाल तर शिरू नये. सोबत पाणी घ्या, आणि उन्हाचा कपडा खिडकीला लावायला. डायनाचा एसी गोळ्याच्या गाडीवरच्या बर्फासारखा असतो. आहे आहे म्हणेपर्यंत वितळतो.

शहर संपतं तिथं चौकी. गाड्यांची रांग. माझा इकामा मी खिशातून काढून हातात धरला, मग हात घामानं भिजला म्हणून परत खिशात ठेवला, मग वाटलं ऐन वेळी खिशात नाही सापडला तर, म्हणून परत काढला.

"दिन्या, त्या कार्डाला खाज सुटलीय काय?" चाचा म्हणाले.

"चाचा, लाल कंपनी म्हणून पकडतील का?"

"कार्डावर रंग नसतो रे. तोंडावर असतो. तुझं बघ, पांढरं पडलंय. हस जरा."

मी हसलो. शिपायानं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या कार्डावर धर्माच्या ओळीत अरबीत 'गैरमुस्लिम' लिहिलंय. मला अरबी वाचता येत नाही, पण ती ओळ कुठं आहे ते मला अंधारातही सांगता येईल. शिपायानं कार्ड परत दिलं आणि यल्ला म्हणाला, म्हणजे निघा.

रस्ता मात्र काय सांगू. सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, उंट आत येऊ नयेत म्हणून. आपल्याकडं घाटात वळणं मोजून लोक ओकतात. इथं वळण नाही म्हणून झोप येते आणि झोपेनं माणसं मरतात. कुंपणापलीकडे उलटलेल्या दोन गाड्या दिसल्या. तशाच टाकून दिलेल्या, वाळू आत शिरलेली.

बुरैदाच्या पुढं एका पेट्रोलपंपावर मुक्काम केला. तिथली बुफिया, म्हणजे चहा-नाश्त्याची टपरी, मल्याळी माणसाची. तुम्ही कुठंही जा, पंपावरची बुफिया मल्याळी माणसाचीच. अंडं घातलेला पराठा आणि एक रियालचा चहा. भाव विचारायची गरज नाही, सगळीकडे तोच. डक्टच्या मध्ये पुठ्ठे अंथरून झोपलो. वारा आला की पत्रा वाजायचा आणि मी उठून बसायचो. वाटायचं, कोणी दार ठोकतंय.

शुक्रवार

पहाटेची नमाज पढून चाचांनी गाडी काढली. ऊन वर आलं तशी वाळू गेली आणि दगड आले. काळे. डोंगर जळून त्याची राख गोठावी तसे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर. हा मुलूख ज्वालामुखीचा आहे, असं चाचा म्हणाले. मदिना जवळ आल्याची ही खूण. चाचांचा आवाज बदलला. रेडिओ बंद केला. ओठ हलायला लागले, दरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ पढत होते. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसलो. दुसऱ्याच्या देवघराच्या दारात आपण चपला घालून उभे आहोत असं वाटत होतं.

ते गप्प बसणं मीच मोडलं. भीतीनं मोडलं, खरं सांगायचं तर. गप्प राहिलो की डोक्यात तरहीलचं विमान उडायचं. म्हणून म्हटलं, "चाचा, यंदा मोहल्ला आणि वाडीची मॅच झाली म्हणे."

"झाली. हरलात."

"हरवलं. तुमच्या बशीरनं अंपायर असताना आमच्या सुन्याला रनआऊट दिला. व्हिडिओ आलाय मला. बॅट आत होती."

"बॅट आत व्हती, पण हवेत व्हती!"

"चाचा, टेकलेली होती!"

"तुझा सुन्या कधी बॅट टेकतो? त्याचा बा पण टेकवायचा नाय. त्याला मीच आऊट केलावता, कुळथाच्या शेतात. तो पण असाच रडलावता."

"तेव्हा पण तुमचाच अंपायर असणार!"

"व्हता! आणि खराच व्हता!"

चाचा स्टिअरिंगवर हात आपटून सांगत होते, मी मोबाइल काढून व्हिडिओ लावत होतो, दोघं एकाच वेळी बोलत होतो. खाडीवरच्या मैदानात बसल्यासारखं. आणि रस्ता सरळ होता.

व्हिडिओ लावून मी वर बघितलं तर समोरच्या रस्त्याच्या मधोमध, लांब, पांढरे मिनार.

एवढे सुंदर मिनार मी पाहिले नाहीत. आणि एवढी भीती मला कधी वाटली नाही.

"चाचा," मी म्हणालो. परत म्हणालो, "चाचा, फाटा?"

चाचांनी आरशात मागं बघितलं, जणू फाटा आरशात दिसणार होता. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आयुष्यभर पुरेल. एखाद्याला आपण रोज बघतो आणि एक दिवस त्याच्या तोंडावर जखम दिसते, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"या अल्ला," ते म्हणाले. "तू हायस."

तो बोर्ड कमानीएवढा मोठा असतो. अरबीत आणि इंग्रजीत. सरळ मुसलमानांसाठी, उजवीकडे बाकीच्यांसाठी. तो चुकवायला आंधळा पाहिजे. नाहीतर आमच्यासारखे दोघं.

परत फिरायचं तर मध्ये दुभाजक. पुढं पूल कुठं आहे ते चाचांना माहीत होतं. पार आत, वस्तीत. चाचांनी गाडी कडेला घेतली आणि माणूस घाबरला की करतो ते केलं. रिव्हर्स टाकला. हायवेवर, कडेच्या पट्ट्यातून, डायना उलटी जायला लागली. मागं डक्ट वाजायला लागले. आणि मग तो दिवा. निळा-लाल, फिरणारा.

"चाचा, सांगा मी मुसलमान आहे," मी म्हणालो. हात जोडले. "कार्ड विसरलो म्हणून सांगा. नाव सांगा कुठलं पण. सलीम सांगा."

"इथं?" चाचा म्हणाले. समोर मिनारांकडे त्यांनी बोट पण केलं नाही, नुसती मान हलवली. "इथं खोटं बोलू, दिन्या? जीभ झडल माझी."

"मग माझं काय होईल?"

"तुझं काय व्हईल ते मला माहीत नाय. माझं काय व्हईल ते माहीत हाय."

मला त्यांचा राग आला. एका क्षणात इतका राग, की खाली उतरून पळत सुटावं असं वाटलं. पळणार कुठं? चारी बाजूंना काळे दगड.

पोलीस तरुण होता. माझ्यापेक्षा लहान असेल. इस्त्रीचे कपडे, डोळ्यांना काळा चष्मा. दोन्ही इकामे घेतले. माझ्या कार्डावरची ती ओळ त्यानं वाचली आणि चष्मा काढला.

"हा मुसलमान नाही," तो चाचांना म्हणाला. अरबी मला तोडकंमोडकं कळतं, तेवढ्यावर हे बोलणं सांगतोय.

"नाही," चाचा म्हणाले. "चूक माझी. तो झोपलेला नव्हता, मी पण झोपलेलो नव्हतो. आम्ही बोलत होतो. मी फाटा विसरलो."

"बोर्ड दिसला नाही?"

"बोर्ड मी पंधरा-वीस वर्षं बघतोय. नेहमी सरळ जातो. आज हा बरोबर होता, आणि हा कोण ते मी विसरलो."

पोलिसाला ते कळेना. "तुझ्याकडे कामाला आहे?"

"नाही. माझ्या गावचा आहे."

"तुझ्या गावचा? एकच गाव?"

"एकच. त्याचं घर वर, माझं खाली. पाणी एकच."

"आणि तू मुसलमान, तो नाही. आणि तू विसरलास?" त्यानं ते अशा आवाजात विचारलं, जणू चाचांनी आपला हात घरी विसरलो म्हणून सांगितलं होतं. "हे कोण विसरतं?"



तो आमची कार्डं घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला. कॉम्प्युटरवर नंबर घालत होता ते काचेतून दिसत होतं. माझ्या ओठांवर गावदेवीचं नाव आलं. नेहमी येतं, ठेच लागली तरी येतं. आणि तिथं, त्या रस्त्यावर, मला ते घ्यायची भीती वाटली. मनातसुद्धा. मी ते नाव चघळून गिळलं. शेजारी चाचा दरूद पढत होते, पण त्यांचाही आवाज येत नव्हता. एकाच गाडीत आम्ही दोघं दोन भीत्या घेऊन बसलो होतो, आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

किती वेळ गेला ते विचारू नका. अजान झाली. जुम्म्याच्या गाड्या आमच्या बाजूनं सुसाट मिनारांकडे जात होत्या, खिडकीतून लहान मुलं आमच्याकडे बघत होती.

पोलीस परत आला. रिव्हर्सचा दंड लावला, चाचांच्या नावावर. माझ्याबद्दल काही बोलला नाही, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. आपली गाडी पुढं घातली, एक अडवलेलं वळण उघडून दिलं आणि आम्हाला उलट बाजूनं फाट्यापर्यंत नेलं. फाट्यावर थांबला. कार्डं परत दिली. माझं माझ्या हातात न देता चाचांच्या हातात दिलं, आणि म्हणाला, "चाचा," त्याच्या भाषेत, "परत विसरू नकोस."

वाईट बोलला नाही. दरडावलं पण नाही. मुलानं थकलेल्या बापाला औषधाची आठवण करावी तसं म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. दुसरा कोणी असता तर आज हा ब्लॉग मी जयगडहून लिहिला असता.

बाहेरच्या रस्त्यावर एका पंपाच्या मशिदीत चाचांनी नमाज पढली. जुम्मा केव्हाच झाला होता. मी गाडीत बसून राहिलो. परत आल्यावर त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. आधी स्वतः पिऊन मग देतात नेहमी. त्या दिवशी न उघडलेली दिली.

यान्बू : कोण राहतं, काय बोलतं, कुणाला भजतं

ज्यांना यान्बूला यायचंय त्यांच्यासाठी हा भाग. शहरं दोन आहेत. एक कारखान्यांचं, चिमण्यांतून रात्रंदिवस जाळ निघणारं. दुसरं जुनं, बंदराचं. आमचा कॅम्प पहिल्यात. मला परीक्षेपर्यंत झोपायला जागा दिली ती राजननं. राजन कॅम्पच्या मेसमध्ये काम करतो, केरळातल्या पालक्काडचा.

"इथं माणसं किती?" मी विचारलं.

"कुणी मोजलीयत?" तो हिंदीत म्हणाला. "मी पराठे मोजतो. पराठे कमी पडले म्हणजे नेपाळी आलेत. भात कमी पडला तर बंगाली. मासे कमी पडले तर तुझ्यासारखे."

त्याच्या पराठ्यांच्या हिशेबानं सांगतो. खोल्यांच्या पहिल्या लाइनीत पाकिस्तानी, त्यातही पठाण वेगळे बसतात. मग बांगलादेशी, मग केरळवाले. नेपाळी आणि श्रीलंकेचे एका लाइनीत. फिलिपिनो टोकाला, कारण त्यांना गाण्याची हौस आणि बाकीच्यांना झोपेची. फोरमन मिसरी, म्हणजे इजिप्तचे, ड्रायव्हर सुदानी आणि येमेनी. आणि आता ऑफिसात सौदी पोरं, सौदीकरणामुळे नवीन लागलेली. तीही घाबरलेली असतात, बरं का. आपल्याला वाटतं आपणच. एक पोरगा माझं नाव रजिस्टरवर लावताना सारखा मागं आपल्या साहेबाकडे बघत होता.

सगळ्यांना मिळून एक भाषा आहे. तिला नाव नाही. हिंदीची क्रियापदं, अरबीचे हुकूम, इंग्रजीची अवजारं. "ऐ सदीक, वो क्लॅम्प जीब करो, खलास करके यल्ला." म्हणजे, दोस्ता, तो क्लॅम्प आण, काम संपव आणि निघ. पठाण, नेपाळी, मिसरी, सगळ्यांना कळतं. शिव्या मात्र जो तो आपल्या भाषेत देतो. मी मराठीत दिली तर आख्ख्या कॅम्पात एकाला कळली, तो नांदेडचा निघाला.

आणि देव? मशीद कॅम्पच्या मधोमध आहे, मोठी, थंडगार. बाकीच्या देवांना इथं उघड भजता येत नाही, म्हणून बाकीच्यांचं काय, ते विचारायचं नाही. ही इथली पहिली रीत. राजन पण सांगत नाही तो कोण. मी पण विचारलं नाही. पण संध्याकाळी एका खोलीबाहेरून जात होतो, दार बंद, खिडकीला ब्लँकेट लावलेलं, आणि आत चार-पाच माणसं गात होती. गात होती म्हणजे तोंड मिटून. नुसता सूर, शब्द नाहीत. दारात एक जण चपला लावत उभा होता, बराच वेळ त्याच चपला लावत होता. माझी चाहूल लागताच आतला सूर तुटला. मी मान खाली घालून पुढं गेलो. थोडं लांब गेल्यावर सूर परत सुरू झाला.

मी कुणाच्या खोलीचा नंबर इथं लिहिणार नाही, आणि ज्यांना माहीत असेल त्यांनीही खाली कमेंटमध्ये लिहू नये.

शनिवार

परीक्षा झाली. पहिला क्लॅम्प उलटा लावला, मग काढून सुलटा लावला. तीन मजले बांधले, वर चढून उभा राहिलो. वरून लाल समुद्र दिसला. तो निळाच आहे. परीक्षकानं पाइपला लाथ घालून बघितली, परांची हलली नाही. "जा, फोन येईल," एवढंच म्हणाला. मी विचारलं, माझा नंबर कॉम्प्युटरवर कुठं अडकलेला असेल तर? तो म्हणाला, कशात? मी म्हणालो, कशात नाही.

दुपारी चाचा माल उतरवून मोकळे झाले. मी त्यांना जुन्या बंदराकडे नेलं. किनाऱ्याला जुनी घरं आहेत, समुद्रातल्या दगडांची, पुढं लाकडी जाळीच्या खिडक्या. बरीच पडायला आलीत. जरूर बघा, आणि मासळीबाजारात जेवा. मासा निवडायचा, तोलायचा, शेजारी तळून घ्यायचा, भात वेगळा.

तिथला दुकानदार म्हातारा, पांढरा झगा, पक्का सौदी. आम्ही हिंदी बोलतोय बघून हसला. आपल्या दुकानावरचं नाव दाखवलं. आडनाव 'हिंदी'. चाचांनी अरबीत विचारलं तेव्हा कळलं, त्याच्या पणजोबाचा बाप हजला आला होता बोटीनं, हिंदुस्तानातून. परत गेलाच नाही.

"हिंदुस्तानात कुठला?" चाचांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं खांदे उडवले. "विसरलो," तो म्हणाला. "आम्ही सगळे विसरलो."

आणि जोरात हसला. चाचा हसले नाहीत. माशाचा काटा काढत बसले.

परत

येताना चाचांनी मदिनेच्या कितीतरी आधी रेडिओ बंद केला. "दिन्या, तू बोर्ड बघ. मी पण बघतो." माझा इकामा त्यांनी समोर काचेपाशी ठेवायला लावला. फाट्यावर त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न मारायला लागले. बाहेरच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बरोबर हाय ना? हाच तुमचा ना?"

तुमचा. मी म्हणालो, "हाच."

मिनार लांबून दिसत होते. मी तिकडे बघितलं नाही. बघितलेलं चालतं की नाही, मला माहीत नव्हतं.

पुढचे आठशे किलोमीटर आम्ही डिझेल, टायर आणि हवा यांवर बोललो.

फोन आठवड्यानं आला. मला कामावर घेतलं. नाव बदलून होतंय, इकामा नवा मिळेल. त्या पोलिसानं काही लिहिलं नव्हतं, की लिहिलं असेल आणि कुणी वाचलं नसेल, मला कळणार नाही. आता पुढच्या महिन्यापासून मी यान्बूचा. खोलीतल्या बाकी तिघांनी पाठीवर थापा मारल्या. चाचांनी कोंबडी आणली, खोबऱ्याचं वाटण लावलं. खोलीभर आमच्या गावाचा वास.

थाळा मांडला, आम्ही बसलो. मी हात घालणार तेवढ्यात चाचा म्हणाले, "दिन्या, थांब. हे हलाल केलेलं हाय. तुला चालतं ना?"

किती वर्षं त्यांच्या हातचं खातोय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "चाचा, हे काय आता?"

"नाय, विचारलेलं बरं."

मी मोठा घास घेतला, सगळ्यांना दिसेल असा. तिखट होतं, डोळ्यात पाणी आलं ते तिखटानं आलं असं समजा. मग मला जे एकच सुचलं ते मी बोललो. त्यांना डिवचायला, जुन्यासारखं भांडण काढायला.

"चाचा, तो रनआऊट नव्हता. बॅट टेकलेली होती."

मी वाट बघत होतो. थाळ्यावर हात आपटतील, सुन्याच्या बापाला मध्ये आणतील, कुळथाचं शेत काढतील. चाचांनी माझ्या बाजूला कोंबडीचा चांगला तुकडा सरकवला, पाहुण्याला सरकवतात तसा.

"असल रे," ते म्हणाले. "तुझंच खरं."

या प्रवासात मला चौकीची भीती वाटली, दिव्याची वाटली, मिनारांची वाटली. पण त्या सगळ्या गेल्या. चाचा आता कधीच विसरणार नाहीत, ही गेलेली नाही.